रमाबाईंचा भरवसा

मैत्रिणींनो, बाईवर संकट आलं की आपल्याकडे तिला दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. एक, तुझंच मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. आणि दुसरी, देवावर भरवसा ठेव, तो बघतोय. आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात मी गेली बारा-तेरा वर्षं बसते. तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला या दोन्ही गोष्टी घरच्यांनी, शेजारच्यांनी सांगून झालेल्या असतात. पहिलीने ती खचलेली असते आणि दुसरीने गप्प झालेली असते. त्यामुळे भरवसा हा शब्द ऐकला की, खरं सांगते, मला जरा भीतीच वाटते.

पण हाच शब्द मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात वेगळ्या अर्थाने भेटला. रमाबाईंचं नाव आपल्याला ठाऊक असतं. संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, मग धर्मांतर आणि त्यावरून झालेला वाद. बहुतेकींची माहिती इथेच संपते. काहीही चूक नसताना या बाईच्या वाट्याला काय काय आलं, आणि ते सोसता सोसता तिचं देवाशी नातं कसं बदलत गेलं, हे सहसा कुणी सांगत नाही. मी ख्रिस्ती नाही, माझ्या स्वयंपाकघरात देव्हारा आहे. तरीही रमाबाईंची ही गोष्ट मला आपल्या सगळ्यांची वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, 23 एप्रिलचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून समाज खवळला. स्त्रीला शिकवणं शास्त्राला धरून आहे, हे त्यांना पंडितांच्या सभेत सिद्ध करावं लागलं. सह्याद्रीच्या माथ्यावर, आताच्या कर्नाटकात, गंगामूळ नावाच्या जंगलातल्या जागी त्यांनी आश्रम थाटला. तिथेच रमाबाई जन्मल्या. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचं, विद्यार्थ्यांचं करता करता पैसा संपला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं. त्या तान्ह्या पोरीला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून नेलं म्हणे! तेव्हापासून या घराला कायमचं असं छप्पर मिळालंच नाही. देवळात उतरायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं, पुढच्या तीर्थाला जायचं. या चालत्या-फिरत्या शाळेत आईने रमाबाईंना संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक त्या लहान वयातच पाठ म्हणायच्या.

मग दक्षिणेतला दुष्काळ आला. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या.

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पुढचं सगळं यातून उगवलं. त्यांचं घर देवावर कमी भरवसा ठेवणारं होतं का? मुळीच नाही. उलट होतं-नव्हतं ते सगळं त्यांनी देवाच्या नावाने दिलं. तीर्थात स्नानं केली, उपास केले, जप केले, ब्राह्मणांना दानं दिली. शास्त्रात सांगितल्याप्रमाणे केलं की देव प्रसन्न होईल, सोन्याची रास देईल, अशी त्यांची खरीखुरी श्रद्धा होती. पैसे संपले तेव्हा दागिने विकले, मग भांडीकुंडी. शेवटी अंगावरचं जुनेर आणि पाण्याचा तांब्या उरला. मोलमजुरी करावी तर जातीचा आणि विद्येचा मान आड येई, आणि करायची ठरवली तरी येत काहीच नव्हतं. शास्त्रं येत होती, पण पोटाला देणारं कुठलं काम कुणी कधी शिकवलंच नव्हतं. रमाबाईंनी पुढे हे फार स्पष्ट लिहिलं. आईवडिलांवर त्यांचं अपार प्रेम होतं, पण ही गोष्ट त्यांनी झाकली नाही.

अकरा दिवस ते कुटुंब जंगलात पाणी, पाला आणि रानातली फळं यावर राहिलं. वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली होती. घरच्यांचं उपाशी मरण बघण्यापेक्षा जलसमाधी घ्यावी असं त्यांच्या मनात आलं. मुलगा श्रीनिवास, आता मी मिळेल ते काम करतो, असं म्हणाला म्हणून ते थांबले. पण वेळ निघून गेली होती. 1874 मध्ये वडील गेले. जाताना त्यांनी लेकीला जवळ घेऊन देवाच्या हवाली केलं, आयुष्यभर त्याची सेवा कर म्हणून सांगितलं. काही काळातच आई. आणि मग थोरली बहीण कृष्णाबाई.

आई अन्नासाठी तळमळत होती तेव्हा रमाबाई एका घरी बाजरीची भाकरी मागायला गेल्या. दारात उभ्या राहिल्या तर तोंडातून शब्द फुटेना. एवढ्या शास्त्र्याची मुलगी, मागायचं कसं? अखेर कसंबसं बोलल्या, त्या घरच्या बाईने भाकरी दिलीही. पण ती घेऊन आल्या तेव्हा आईला घास गिळण्याची ताकद उरली नव्हती. आई गेल्यावर तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, खांदा पुरेना. म्हणून आपल्या बाजूचं ओझं त्यांनी डोक्यावर घेतलं आणि तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत आईला नेलं.

हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सोळा वर्षांची मुलगी हो!

त्यानंतर बहीण-भाऊ पायी चालत राहिले. उत्तरेत काश्मीर-पंजाबपर्यंत, मग पूर्वेकडे, चार हजार मैलांहून जास्त. थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत दोन खड्डे खणायचे, त्यात झोपायचं आणि वरून कोरडी वाळू ओढून घ्यायची. जगायचं म्हणून स्वतःचीच थडगी खणल्यासारखं. पण याच वाटेवर रमाबाईंचं देवाशी जुनं नातं तुटलं. आम्ही सगळं केलं, सांगितलं ते एकूण एक केलं, आणि कुणीही आलं नाही. हा प्रश्न त्यांनी दाबून टाकला नाही. मला वाटतं, पुढे त्यांचा जो काही भरवसा तयार झाला तो टिकला, कारण त्याची सुरुवात या खरेपणातून झाली.

1878 मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची अविवाहित मुलगी संस्कृतात भाषण करते, हे नवल सगळ्या देशाने वाचलं. स्त्रियांना धर्म समजावून सांगा, असं सुचवलं गेलं म्हणून त्या धर्मशास्त्रं वाचू लागल्या. ग्रंथांचं आपसात पुष्कळ गोष्टींत जमत नाही, पण बाई वाईट आणि बाईला मोक्ष नाही यावर मात्र त्यांचं एकमत आहे, असं त्यांना आढळलं. आता जरा बरे दिवस येतील असं आपल्याला वाटतं, तोच 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो ब्राह्मण नव्हता, म्हणजे त्या काळात केवढं धाडस! आसाममधल्या सिल्चरला संसार मांडला. 1881 च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी 1882 मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, लेक दहा महिन्यांचीही नव्हती.

आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. रमाबाईंची चोवीस वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सुधारक मंडळींनी स्वागत केलं. रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, स्त्री धर्मनीति हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, स्त्री शिक्षिका हव्यात असं ठणकावलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून 1883 मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. तिथेही सुख नव्हतंच. सोबत गेलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथे आत्महत्या केली. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागलं आणि डॉक्टर होण्याचं स्वप्न संपलं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. काल डोक्यावर घेतलेली पंडिता आज घरभेदी ठरली. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 मध्ये सत्सारच्या अंकात त्यांची बाजू घेतली, हेही नोंदवायला हवं.

त्यांना ख्रिस्ती धर्मात काय दिसलं, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधली एक संस्था दाखवली. समाजाने वाईट ठरवून टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेने वागवलं जात होतं, पुन्हा उभं केलं जात होतं. अशा बाईशी ख्रिस्त कसा वागला, ती शमरोनी बाईची गोष्ट तेव्हा त्यांना कळली. ज्या बाईला सगळे हाकलतात तिच्याशी विहिरीवर बसून बोलणारा देव त्यांना पटला. पण म्हणून मान खाली घालून सगळं ऐकलं असं नाही हं. भगिनींशी, बिशपांशी त्या शास्त्रावरून वाद घालायच्या, लेकीला काय शिकवायचं यावर हक्क सांगायच्या, परदेशात राहूनही मांसाहार केला नाही. त्यांचा तो पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने छापला गेला. आज्ञा पाळणं आणि भरवसा ठेवणं या दोन गोष्टी त्यांनी कधी एकात एक मिसळू दिल्या नाहीत. एवढंच नाही, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांनी कबूल केलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त अजून भेटला नव्हता. तो त्यांना भेटला 1891 च्या सुमारास, भारतात परतल्यावर, कामाच्या रगाड्यात.

काम केवढं होतं! 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग अमेरिकेत राहून भाषणं देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची हकिगत सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षं मदत करण्याचं कबूल केलं. 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. तिथे शिकलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, आनंदीबाई झाल्या. सदन पुण्याला आलं आणि 1893 मध्ये वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. वर्तमानपत्रांतून झोड उठली. यात दोन्ही बाजूंना म्हणणं होतं असं मला वाटतं. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या घरांची भीती खोटी नव्हती. पण प्रार्थना दार लावून कर म्हटलं असतं, तर रमाबाईंनी ते ऐकलं नसतं, हेही तितकंच खरं.

आता त्या भाकरीकडे परत येते.

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. बोस्टनचा पैसा शारदा सदनासाठी होता, दुष्काळातल्या मुलींसाठी हातात काहीच नव्हतं. पैसा नाही, जागा नाही, मी काय करणार, असं त्यांच्याही मनात आलं. पण वीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं उपाशी पोट त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांना पळवून नेणारी माणसं, सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. यात जात विचारली नाही. दक्षिणेतल्या त्या जंगलात ज्याची वाट बघितली आणि जे कुणी आलं नाही, ते माणूस होऊन त्या स्वतः गेल्या. त्यांचा भरवसा म्हणजे काय ते मला इथे कळतं. माझं काही वाईट होणार नाही, असं त्यांनी देवाकडून वदवून घेतलं नव्हतं. वाईट किती होऊ शकतं ते त्यांनी भोगलं होतं. तो मला पाठवतोय, तर पुढच्या जेवणाचं तो बघेल, एवढ्यावर त्या निघाल्या.

पुण्यात प्लेग होता, इतक्या मुलींना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं, तिथे त्यांनी आधी शेतजमीन घेतलेली होती. तिथे तंबू ठोकले, झोपड्या घातल्या. हेच मुक्ती सदन झालं. प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी विटंबना होत होती, त्याबद्दल 1897 मध्ये त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात सरकारवर सडकून टीका करणारं पत्र लिहिलं. त्यावर थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, गप्प बसावं, हे त्यांच्या मनाला शिवलंही नसावं. सल्ला केंद्रात मी हा प्रसंग हटकून सांगते. देवावर भरवसा असलेली बाई तक्रार करू शकते.

1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडच्याही मुली आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपण दोनशे पानं वाढायची म्हटली तरी आठ दिवस आधी घाम फुटतो! इथे रोज दोन वेळचं, वर्षानुवर्षं. कोरडा मुलूख, विहिरी खणल्या, पाणी लागलं. देणगीसाठी कुणाच्या दारात न जाता प्रार्थना करायची आणि येईल त्यात भागवायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. त्याचबरोबर हिशेब चोख. आणि प्रत्येक मुलीला हाताला काम. विणकाम, शेती, शिवण, तेलघाणा, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी मनोरमेने अमेरिकेत जाऊन ब्रेल शिकून घेतलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. शास्त्रं येतात पण भाकरी कमावता येत नाही, ही स्वतःच्या घरची गत कुणा मुलीची होऊ नये, हे यामागे होतं, असं मला वाटतं. आसरा शोधत आलेल्या मुली ख्रिस्ती झाल्या, यावर आजही टीका होते. मला वाटतं ती करणाऱ्याने करावी, पण दुष्काळात त्या मुलींना आणायला दुसरं कोण गेलं होतं, तेही सांगावं.

आपल्यानंतर हा सगळा पसारा मनोरमा सांभाळणार, हे ठरल्यासारखंच होतं. शिकलेली, कर्तबगार, आईचा उजवा हात. पण तिची तब्येत ढासळत गेली आणि 24 जुलै 1921 ला ती मिरजेच्या इस्पितळात वारली. चाळीस वर्षांची होती. नवरा गेला तेव्हा मांडीवर असलेली, सगळ्या जगभर बरोबर नेलेली एकुलती एक लेक. या दुःखाला काय अर्थ लावायचा? रमाबाईंनी तो लावल्याचं मला कुठे आढळलं नाही. त्या थकल्या होत्या, ऐकू तर कधीचंच येत नव्हतं. संस्था पुढे कुणी बघायची त्याची व्यवस्था त्यांनी लावली आणि पुन्हा टेबलाशी बसल्या.

टेबलावर बायबलचं भाषांतर होतं. जुनं मराठी बायबल खेड्यातल्या अडाणी बाईला कळत नाही, म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी जवळजवळ पंधरा वर्षं हे काम चालवलं होतं. साधी, घरगुती मराठी. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. यातल्या कितीतरी जणी दुष्काळात उचलून आणलेल्या, इथे येऊन अक्षर ओळखायला शिकलेल्या. शेवटची प्रुफं तपासायची राहिली होती आणि अंगात ताकद नव्हती. तेवढी पुरी होईपर्यंत आणखी थोडे दिवस दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं, अशी आठवण मुक्तीत सांगतात. 5 एप्रिल 1922 ला त्या झोपेतच गेल्या. प्रुफं तपासून झालेली होती. पुढची दोन वर्षं बायकांनी छापखाना चालवला आणि 1924 मध्ये ते बायबल बाहेर आलं.